फिका, पण लाल

मी, आल्सीद व्हर्नरे, कै. ओगुस्त व्हर्नरे यांचा मुलगा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा द्राक्षमळा आणि वाइन, राहणार शांव्हेर्नुआ, जुरा, आज संत व्हँसाँच्या म्हणजे आम्हा वेलवाल्यांच्या सणादिवशी, न्याहारी करून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी दडपण आणून पाहिले त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप चालला आहे.

बुद्धीबद्दल पुढे कोणी शंका काढू नये म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो.

त्या म्हणाल्या, "आजोबा, आज वार कोणता, सांगा बरं."

"वार राहू द्या," मी म्हणालो, आणि खुर्चीवरून उठून, हात पाठीशी बांधून, जानँ गुरुजींनी शिकवलेली गोठलेल्या नदीची कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. बाहेर बसलेले दोन रोगी आत येऊन उभे राहिले.

"छान. आणि वार?"

"मंगळवार. पण तो काय, कोणालाही येतो."

बाईंनी दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकच होते. त्यात सगळे जावयाला दिले होते. तेव्हा मी त्याला नीट ओळखत नव्हतो.

कलम पहिले. भांडण कशाचे आहे.

माझी मिळकत पुष्कळ नाही, पण वाद एकाच तुकड्याचा आहे. त्याला आम्ही करडी पट्टी म्हणतो. अर्ध्या हेक्टरहून थोडी कमी. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस फिर्मँ बुएलिये याचा त्रूसो द्राक्षांचा तुकडा, पश्चिमेस ओढा, उत्तरेस जंगल, दक्षिणेस दफनभूमीची भिंत. या पट्टीत सतरा ओळी आहेत आणि सतराच्या सतरा ओळी पूल्सार जातीच्या. माझ्या आजोबांनी लावलेल्या, वडिलांनी राखलेल्या, मी लाडावलेल्या.

पूल्सारचे द्राक्ष मोठे असते, पण त्याची साल इतकी पातळ की बोटाने दाबण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. फुटवा लवकर येतो आणि एप्रिलच्या थंडीत जळतो. फुलोरा गळतो. जे राहते ते पावसात फुटते. आणि एवढे सगळे सोसून जी लाल वाइन होते ती पेल्यात ओतली की पलीकडे ठेवलेले वर्तमानपत्र वाचता येते. असा हा आमचा लाल. पहाटेच्या आभाळाचा असतो तेवढाच, त्याहून घोटभर जास्त नाही.

माझे जावई जेरोम यांना ही पट्टी उपटायची आहे. तिथे पांढरी द्राक्षे लावून फेसाळ वाइन करायची आहे, कारण ती शहरात खपते. रोपांची मागणी त्यांनी नोंदवूनही टाकली. मार्चमध्ये येणार आहेत. मला हे कळले ते नाताळच्या जेवणात, बटाटे आणि मोर्तोच्या सॉसेजच्या मध्ये.

"बाबा, रागावू नका," माझी मुलगी सोलांज म्हणाली. "पण तळघरात येणारी माणसं तुमचा पेला उजेडात धरतात आणि विचारतात, छान आहे, आता लाल कधी देणार?"

"मग तू काय सांगतेस?"

"मी काय सांगणार? हसते."

"हसू नकोस. सांग की हीच लाल आहे."

जावई म्हणाले, "बाबा, निदान तिच्यात थोडी गडद पिनो तरी मिसळू द्या. रंग येईल."

मी त्यांना तेच उत्तर दिले जे माझ्या वडिलांनी एका व्यापाऱ्याला दिले होते. "जावईबापू, रंग हवा असेल तर रंगाऱ्याकडे जा."

त्यानंतर टेबलावर चीज आले. सबब हे मृत्युपत्र.

कलम दुसरे. मुलीला आणि जावयाला.

कायद्याने एकुलत्या मुलीला निम्मी मिळकत द्यावीच लागते. मी निम्म्याहून पुष्कळ जास्त देतो आहे, म्हणजे पुढे कोर्टात रडायला जागा नको.

राहते घर, तळघर, पिंपे, बाटल्यांचे कप्पे आणि बँकेत असेल ते सर्व सोलांजला. तिच्या आईचे ताटांचे कपाटही तिला. त्याचे डावे दार वर उचलून ओढावे लागते. माझ्या जॉर्जेतने ते चाळीस वर्षे वर उचलून ओढले आणि मला दुरुस्त करू दिले नाही. म्हणायची, "राहू दे. घरात कोण शिरलंय ते आवाजावरून कळतं." सोलांज, तुलाही ते दुरुस्त करता येणार नाही, असे मी लिहून ठेवतो.

टेकडीवरचा पिनोचा मळा सोलांजला. पिनो शहाणा असतो, गडद असतो, पाहुण्यांत शोभतो, आणि कोणाच्याही मातीत नाव काढतो. माझ्या मुलीसारखाच.

रेताड उतारावरचा त्रूसोचा मळा जेरोम यांना, स्वतंत्रपणे, त्यांच्या एकट्याच्या नावाने. त्रूसोला पाठीवर ऊन, पायाखाली गोटे आणि पुष्कळ कौतुक लागते. हे मिळाले नाही तर तो आंबटच राहतो. मिळाले तर मात्र मिरीसारखा तिखट आणि जंगली फळासारखा काळसर उतरतो आणि दहा वर्षे टिकतो. मी माझ्या जावयाचे कौतुक फार केले नाही. या मळ्यात त्यांना ते शिकता येईल, मग स्वतःला लावून घेता येईल. जावईबापू, तुम्ही वाईट नाही. तुम्ही फक्त थंड जागी लावले गेलात.

पांढऱ्या द्राक्षांचे दोन्ही तुकडे दोघांना मिळून. तिथे फेस काढायचा तेवढा काढा.

करडी पट्टी तुम्हाला नाही. हे वाक्य दोनदा लिहितो. करडी पट्टी तुम्हाला नाही.

कलम तिसरे. सुवर्णपदक.

माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारावर एक सुवर्णपदक खिळ्याने ठोकलेले आहे. ते मी फिर्मँ बुएलिये याला परत करतो. त्याचे कारण नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून देतो.

फिर्मँ आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. जानँ गुरुजी आम्हाला बाकावर उभे करून कविता म्हणायला लावत. चूल धुमसत असायची, ओल्या लाकडाचा वास, काचेवर बर्फाची नक्षी, आणि गुरुजी डोळे मिटून बोटांनी मात्रा मोजत असायचे. आजही कोणी ओले लाकूड चुलीत घातले की मला यमक ऐकू येते. जिल्ह्याच्या पाठांतर स्पर्धेत फिर्मँला तिसरे कडवे आठवेना, तेव्हा ते मी खालून कुजबुजलो आणि बक्षीस त्याला मिळाले. मी कधी बोललो नाही. आज बोलतो, कारण आज माझा दिवस आहे.

तर १९७९ साली एका प्रदर्शनात मी माझी पूल्सार दिली. लाल वाइनच्या टेबलावर. परीक्षकांचा प्रमुख फिर्मँ. बाकीचे परीक्षक दूरचे, त्यांच्याकडे लाल म्हणजे शाईसारखी. बाटल्या, नाव दिसू नये म्हणून, कागदात गुंडाळलेल्या. त्यातल्या एकाने माझा पेला उचलला आणि म्हणाला, "ही चुकून इकडे आलीये का?" फिर्मँला ती कोणाची, कुठल्या मातीतली, कुठल्या ओळीतली हे नाकाने कळले होते. मला माहीत आहे, कळले होते. पण बाहेरच्या माणसांपुढे त्याला आमच्या लाल रंगाची लाज वाटली. तो म्हणाला, "हो, चुकून आली असेल." आणि बाटली उचलून गुलाबी वाइनच्या टेबलावर ठेवली.

तिथे तिला सुवर्णपदक मिळाले.

संध्याकाळी तो पदक घेऊन माझ्याकडे आला.

"आल्सीद, अरे सोनं मिळालंय, आणि तू तोंड पाडून काय बसलास?"

"कशाबद्दल मिळालं?"

"गुलाबीबद्दल."

"माझ्याकडे गुलाबी नाही."

"आता आहे. घे की गाढवा, दुप्पट भावानं जाईल!"

"फिर्मँ, तुला लोकांनी तुझ्या बहिणीच्या नावानं हाक मारून बक्षीस दिलं असतं तर घेतलं असतंस?"

"माझी बहीण माझ्यापेक्षा देखणी आहे," तो म्हणाला. विनोद केला त्याने.

मी हातोडी आणली आणि त्याच्यासमोर पदक खुराड्याला ठोकले. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. त्या वर्षीची बाटली मी गुलाबी म्हणून विकली नाही. चिठ्ठीवर हाताने "लाल" लिहिले. पुढल्या वर्षी, हा रंग लाल वाइनचा नव्हे म्हणून, सरकारी चाखणाऱ्यांनी बाटलीवर गावाचे नाव लावायला मनाई केली, तेव्हा गावाचे नाव खोडले आणि "लाल" ठेवले. भाव निम्म्यावर आला. मी निम्म्या भावाने विकली. वाकलो नाही, मिसळली नाही, आणि मेल्यावरही मिसळू देणार नाही.

कलम चौथे. करडी पट्टी कोणाला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या गावात प्रत्येक वेलवाल्याच्या घरून पहिले घोस येतात. ते सगळे लाकडाच्या सांगाड्यावर बांधून माणसाएवढा एकच घोस करतात. त्याला आम्ही बियू म्हणतो. काळे, पांढरे, फिके, सगळ्या जातींचे आणि सगळ्या घरांचे. हा बियू दांडीला टांगून दोन माणसे खांद्यावरून चर्चमध्ये नेतात. ती दोन माणसे एका उंचीची लागतात, नाहीतर घोस एका बाजूला घसरतो.

गावात एका उंचीची दोनच माणसे होती. पुढे फिर्मँ, मागे मी.

पदकानंतरही आम्हीच नेला. वीस वर्षे मी त्याच्या मानेवरचा तीळ पाहत चाललो. पण दांडी खांद्यावर असताना पाय जुळले नाहीत तर द्राक्षे गळतात, आणि सगळ्यात आधी माझी पूल्सार गळते. पाय जुळवायला एकाने काहीतरी बोलावे लागते, आणि आम्ही तर बोलत नव्हतो. म्हणून मी मागून गोठलेल्या नदीची कविता म्हणायचो. तो त्या तालावर पावले टाकायचा. कवितेला बोलणे म्हणत नाहीत, असे दोघांनी मनात धरले होते.

जॉर्जेत गेली त्या वर्षी आम्ही दांडी उचलली आणि माझ्या तोंडून पहिली ओळ निघेना. लोक दोन्ही बाजूंना उभे. बियू हलायला लागला. तेव्हा पुढून, मान न वळवता, फिर्मँने सुरुवात केली. दोन कडवी त्याने म्हटली. तिसऱ्याला अडखळला. तिसरे मी मागून म्हटले. चर्चच्या दारापर्यंत एकही द्राक्ष गळले नाही.

हे मी विसरलेलो नाही. पदकही विसरलेलो नाही.

तर, मी करडी पट्टी शांव्हेर्नुआ गावाला देतो. बियूसाठी घोस देणारी घरे सतरा, ओळीही सतरा. प्रत्येक घराने एक ओळ राखायची. छाटणी, बांधणी, थंडीत शेकोट्या, तोडणी, सगळे. फाटकाजवळची पहिली ओळ, जी सगळ्यात म्हातारी आहे, ती बुएलिये यांच्या घराला. शेवटची, दफनभूमीच्या भिंतीलगतची, माझ्या मुलीच्या आणि जावयाच्या घराला. मी भिंतीपलीकडेच असणार आहे. छाटणी कशी होते ते मला दिसेल.

अटी मोजक्या आहेत. या द्राक्षांची वाइन वेगळी करायची, तिच्यात दुसरी कुठलीही मिसळायची नाही. बियूच्या दिवशी जेवणात सगळ्यात आधी तीच वाढायची. बाटलीवर "लाल" लिहायचे. आणि वेल उपटायचे झाल्यास सतराही घरांच्या सह्या लागतील. एकही कमी पडली तर वेल राहतील.

नोटरी क्रेतँसाहेबांना हे दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"श्रीयुत व्हर्नरे, अख्ख्या गावाला? अहो, हे लोक भांडतील."

"भांडतील."

"गेल्या वर्षी चर्चची घंटा कोणत्या दोरीनं ओढायची यावर तीन सभा झाल्या."

"चार. चौथीत खुर्ची फेकली गेली. तुम्ही आला नव्हतात."

"मग हे लोक एकमतानं कुठल्याही कागदावर सही करतील असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही ना वाटत," मी म्हणालो. "म्हणूनच देतोय."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग हसले. म्हणाले, "कायद्यात याला नाव नाही, पण हमी भक्कम आहे."

जावईबापू, मार्चमध्ये रोपे येतील ती तुमच्या पांढऱ्या तुकड्यांत लावा. करड्या पट्टीत एक खड्डा जरी दिसला, तरी सोळा घरे तुमच्या दारात येतील. माझ्यावरच्या प्रेमापोटी येतील असे नाही. तुम्ही सतरावे घर आहात आणि तुम्हाला न विचारता काही करू द्यायचे नाही, एवढ्यासाठी येतील.

कलम पाचवे. किरकोळ.

माझी छाटणीची कात्री, मूठ माझ्या हाताच्या आकाराने झिजलेली, जो उजव्या हाताने छाटतो आणि छाटताना शीळ घालत नाही अशा कोणालाही.

पाठीवरची वेताची टोपली चर्चला. तिच्यात फुले ठेवतात तशी ठेवावीत. पट्टा जुना आहे, उचलून फिरवू नये.

पाठांतराचे पुस्तक, कडेला जानँ गुरुजींच्या तांबड्या खुणा असलेले, आमच्या शाळेच्या ब्लांदीनबाईंना. अट एकच. मुलांनी कविता उभे राहून म्हणावी, कागद न बघता, आणि अडल्यास शेजाऱ्याने खालून सांगितले तर बाईंनी ऐकू न आल्यासारखे करावे.

थडग्यावर माझे नाव आणि खालच्या चार ओळी कोराव्यात. माझ्याच आहेत. गुरुजी असते तर मात्रा मोजून कान पिळला असता, पण दगडावर एकदा कोरले की कोण पिळणार?

पातळ साल, हलका रंग,
नाही केला कुणाचा संग;
गडद होऊन मोठे व्हावे,
त्याहून बरवे फिके राहावे.

कलम सहावे. माझ्या मागे जेवण.

जेवण तळघरात द्यावे. बटाटे, सॉसेज, कोंते चीज, आक्रोडाचा केक. आमच्याकडची रीत मोडू नये: आधी लाल, मग पांढरी. लालमध्ये आधी पूल्सार, मग पिनो, मग त्रूसो. शहरातून आलेले कोणी "उलटं आहे" म्हणाले तर त्यांना म्हणावे की उलटे तुमच्याकडे आहे. गुलाबी ठेवू नये. ठेवल्यास मी उठून बसेन.

कलम सातवे. साक्षीदार.

नोटरीसाहेब म्हणतात की स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. त्यांनी हेही बजावले की माझ्या कागदावर दुसऱ्याचे अक्षर नको. सबब साक्षीदारांचा कागद वेगळा, मागे टाचलेला.

पहिल्या साक्षीदार ब्लांदीनबाई. दुसरा फिर्मँ बुएलिये. मी त्याला बोलावणार नाही, बाई बोलावतील. तो आला तर त्याच्यासमोर करड्या पट्टीतल्या गेल्या हंगामाचा एक पेला ठेवला जाईल. खिडकीकडे तोंड करून बसवावे, ऊन पेल्यातून येईल असे. त्याने प्यावे, आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने एकच गोष्ट लिहावी: रंग कोणता. मनात येईल तो लिहावा. गुलाबी लिहिले तरी मृत्युपत्र खरेच राहील, वेल राहतील, पहिली ओळ त्याच्याच घराची राहील. मी काहीही परत घेणार नाही. मला फक्त त्याच्या अक्षरात वाचायचे आहे.

जे आहे ते दिले. जे द्यायचे नव्हते ते दिले नाही. वाकलो असतो तर घर मोठे झाले असते, एवढेच. ते कोणाला तरी द्यावेच लागले असते.

आल्सीद व्हर्नरे
(सही)

स्थळ: शांव्हेर्नुआ, स्वयंपाकघराच्या टेबलावर.
गुरुवार, २२ जानेवारी २००९.

*मागे टाचलेला कागद*

वरील मृत्युपत्र आल्सीद व्हर्नरे यांनी माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचून त्यावर सही केली. वाचताना त्यांना कोठेही थांबवावे लागले नाही, थांबवता येत नव्हते.
ब्लांदीन मोरेल, शिक्षिका. (सही)

मी, फिर्मँ बुएलिये, वय एक्क्याऐंशी, माझ्या पायांनी आलो. वाचले. पदक मी घेणार नाही, ते काढले तर खुराड्याचे दार लागणार नाही आणि कोल्हा माझ्याच बाजूने येतो. स्पर्धेतल्या तिसऱ्या कडव्याचे त्याने लिहिले ते खोटे आहे. अडला होता तो, खालून सांगितले मी, आणि बक्षीस त्याला मिळाले. पेला प्यालो. दुसराही मागून घेतला.
रंग लाल. तेव्हाही होता.
(सही)